गाठ न मारता टाक्याचा धागा वितळवून जोडता येतो का?

अंबडचा साचेकार

सर्वांना नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा प्लास्टिकचे सुटे भाग जोडून देण्याचा लहान कारखाना आहे. वाहनांच्या दिव्यांची कव्हरे, पाण्याच्या गाळण्यांचे डबे, असे भाग आम्ही गेली सोळा वर्षे अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडत आहोत. यंत्राचा हॉर्न, म्हणजे भागावर दाबले जाणारे धातूचे टोक, सेकंदाला २०,००० वेळा कंप पावतो, दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथेच घर्षणाने प्लास्टिक वितळते आणि सेकंदाच्या आत सांधा तयार होतो. हात लावून पाहिले तर बाकीचा भाग गारच असतो.

प्रश्न पडण्याचे कारण घरचे आहे. माझ्या धाकट्या भावाची टाचेमागची नस कबड्डी खेळताना तुटली. शस्त्रक्रिया इथेच झाली, नस उत्तम जुळली आणि तो आता व्यवस्थित चालतो. मात्र सहा महिन्यांनी कातडीखालची टाक्याची गाठ बुटाच्या काठाला घासू लागली, तिथली कातडी लाल होऊन दुखू लागली आणि शेवटी तेवढीच जागा बधिर करून ती गाठ काढावी लागली. डॉक्टरांनी ती बाटलीत घालून आम्हाला दाखवली. विणलेला जाड धागा होता, त्यावर पाच-सहा पेच होते आणि आकार साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा होता. माझी कोणाविषयीही तक्रार नाही. पण ती गाठ पाहिल्यापासून एकच विचार मनात घोळतो आहे. टाक्याचे धागे नायलॉनचे, पॉलिप्रोपिलीनचे, पॉलिस्टरचे असतात आणि हीच नावे माझ्याकडे येणाऱ्या गोण्यांवर लिहिलेली असतात. मग धाग्याची दोन टोके गाठ न मारता वेल्ड का करीत नाहीत? उष्णतेने भोवतालचे मांस जळेल, हे कारण आहे की आणखी काही? हाडात बसवायचे खिळे आणि पट्ट्या अशा रीतीने जोडल्या जातात का? आणि नाशिकमधल्या माझ्यासारख्या माणसाला या कामात काही करता येण्यासारखे आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, तांत्रिक भाषा चालेल.

अस्थिवैद्य, गंगापूर रोड

आपल्या बंधूंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांविषयी काही लिहीत नाही. टाचेमागे कातडी आणि नस यांच्यामध्ये मांसाचा थर जवळजवळ नसतो, म्हणून न विरघळणाऱ्या जाड धाग्याची गाठ तिथे हाताला लागणे, टोचणे, क्वचित कातडी फोडून बाहेर येणे हे आम्हा सर्वांनाच ठाऊक असलेले दुखणे आहे. शक्य तिथे आम्ही गाठ आतल्या बाजूला वळवतो, पण प्रत्येक वेळी ती तिथेच राहील असे नाही.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की हे करून झालेले आहे. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एकपदरी (न विणलेले, एकाच तंतूचे) नायलॉन आणि पॉलिप्रोपिलीनचे धागे श्राव्यातीत, म्हणजे अल्ट्रासॉनिक, कंपनांनी जोडणारी हातात धरायची उपकरणे शस्त्रक्रियेसाठी उपलब्ध झाली होती, आणि तेथील अस्थिशल्यचिकित्सक पीटर बोनुटी यांच्या नावावर उष्णतेने धागे व इम्प्लांट (शरीरात बसवायचे भाग) जोडण्याच्या पद्धतींची अनेक पेटंट आहेत. पद्धत आपल्याला लगेच समजेल. धाग्याचा फास घालून तो हवा तेवढा ताणायचा, दोन्ही पदर एकमेकांवर समांतर आणायचे, एका बाजूला स्थिर ऐरण आणि दुसऱ्या बाजूला कंप पावणारे टोक ठेवून दाबायचे. पदर जिथे टेकतात तेवढाच थर वितळतो, गोठतो आणि उरलेली टोके छाटून टाकता येतात. हाती येणारा सांधा गाठीपेक्षा पुष्कळ चपटा असतो.

याचे खरे मोल ताणात आहे असे मला वाटते. गाठ बांधताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिला पेच बसल्यावर फास सैल पडू नये ही एक, आणि पुढे भार आल्यावर पेच सरकू नयेत ही दुसरी. दुर्बिणीतून खांद्याची शस्त्रक्रिया करताना गाठ बाहेर बांधून नळीतून आत ढकलावी लागते. तिथे फास किंचित सैल राहिला, तर नस आणि हाड यांच्यामध्ये फट पडते, आणि ती फट काढलेल्या फोटोत दिसतेच असे नाही. एकपदरी पॉलिप्रोपिलीनला तर मूळ आकाराकडे परतण्याची सवय असते, त्यामुळे त्यावर जास्त पेच द्यावे लागतात. वेल्ड करताना ताण आधी ठरतो आणि सांधा नंतर होतो.

असे असूनही ही पद्धत सर्वत्र का रुजली नाही, याची मला दिसणारी कारणे सांगतो. गाठ डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते. वेल्ड बाहेरून चांगला दिसत असला तरी आत अर्धाच जुळलेला असू शकतो, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. शस्त्रक्रियेच्या जागी धाग्यावर रक्त असते, चरबी असते, खारे पाणी असते. शिवाय गाठीला कोणतेही यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणचा शल्यचिकित्सकही ती रात्री दोन वाजता तितकीच चांगली बांधतो. दरम्यान गाठ टाळण्याचे दुसरे मार्गही आले. काटेरी धागा उतींमध्ये आपोआप अडकतो, आणि गाठीविना बसणारे अँकर धागा हाडातल्या भोकात पाचरीसारखे दाबून धरतात. खांद्यासाठी मी स्वतः आता बहुतेक वेळा असेच अँकर वापरतो.

हाडातल्या खिळ्यांबाबत मात्र आपली पद्धत चांगली स्थिरावली आहे. लहान मुलांच्या कवटीची हाडे वेळेआधी जुळून आल्यास ती कापून नव्याने मांडावी लागतात. तिथे टायटॅनियमची पट्टी बसवली तर कवटी वाढते आणि पट्टी जागची हलत नाही, त्यामुळे काही काळाने ती आतल्या बाजूला गेलेली आढळू शकते. म्हणून पॉलिलॅक्टाइडची विरघळणारी पट्टी वापरतात. या पट्टीचा स्क्रू बसवायचा तर आधी हाडात आटे पाडावे लागतात, आणि तान्ह्या मुलाच्या पातळ हाडात ते काम जिकिरीचे असते. श्राव्यातीत कंपनांच्या पद्धतीत फक्त भोक पाडतात, त्यावर त्याच पदार्थाची गुळगुळीत पिन ठेवून कंप देणाऱ्या टोकाने ती आत ढकलतात. पिनेचा पृष्ठभाग मऊ होऊन हाडाच्या जाळीत शिरतो आणि पिनेचे डोके पट्टीशी एकजीव होते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. पिन आणि पट्टी यांच्यातला सांधा हा खरा वेल्ड आहे, कारण दोन्हीकडे एकच पदार्थ आहे. पिन आणि हाड यांच्यात वेल्ड होत नाही, तिथे पदार्थ फटींमध्ये शिरून अडकतो. खुब्याच्या सांध्यात वापरले जाणारे सिमेंटही हाडाला डिंकासारखे चिकटत नाही, ते असेच अडकून बसते.

उष्णतेविषयीची मर्यादा आमच्या क्षेत्रात पक्की धरलेली आहे. स्वीडनमधील एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ लागतो. भोक पाडताना ड्रिलवर पाणी सोडण्यामागेही हीच काळजी असते. आपली पिन क्षणभर याच्या कितीतरी वर जाते. ते का चालते, हे पदार्थांच्या जाणकाराने सांगावे.

बहुवारिक

मी पॉलिमर अभियंता आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे सोपवलेला भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

समजा २ मिलिमीटर जाडीची आणि ५ मिलिमीटर लांबीची पिन आहे आणि तिच्या भोवतीचा ०.२ मिलिमीटरचा थर वितळला. त्या थराचे आकारमान सुमारे ६ घन मिलिमीटर, म्हणजे वजन ७ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. तो ३७ अंशांवरून १५० अंशांवर नेण्यास दीड ते दोन ज्यूल उष्णता पुरते. तेवढ्या उष्णतेने पाण्याचा एक थेंब, ५० मिलिग्रॅमचा धरला तर, दहा अंशांनीही तापत नाही. याउलट डॉक्टरांनी उल्लेख केलेल्या हाडाच्या सिमेंटच्या एका पाकिटात सुमारे २० मिलिलिटर द्रव असतो, आणि तो घट्ट होताना १०,००० ज्यूलच्या आसपास उष्णता सोडतो. तापमान आणि उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण शाळेत पाठ केले होते. इथे तो फरक रुग्णाच्या हाडापर्यंत जातो. पिनेचा थर खूप तापतो, पण त्याच्याजवळ देण्यासारखी उष्णता फारच थोडी असते, आणि ओले हाड ती क्षणात पसरवून टाकते. अट एवढीच की कंप वेळेत थांबला पाहिजे. हातातले टोक तीन सेकंद जास्त दाबून धरले तर माझा हिशेब कोलमडतो.

आता धाग्यांकडे येतो. गोणीवरचे नाव आणि धाग्यावरचे नाव एकच असले तरी पदार्थाची अवस्था एक नसते. गोणीतल्या दाण्यांत पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या, साखळ्या गुंताड्यासारख्या पडलेल्या असतात. धागा करताना त्या ओढून एका दिशेला लावलेल्या असतात आणि धाग्याचे बळ त्या रचनेत असते. धागा वितळवला की साखळ्या पुन्हा गुंततात आणि तेवढ्या जागेचे बळ नाहीसे होते. म्हणून धाग्याचा वेल्ड उथळ हवा. वरची साल वितळावी आणि गाभा ताणलेल्या अवस्थेतच राहावा. शिवाय सांधा पुरेसा लांब असावा, म्हणजे भार त्या सालींमध्ये कातरबळ (थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर) होऊन वाटला जाईल. तुमच्या दिव्याच्या कव्हरात तुम्ही जितके खोल वितळवाल तितका सांधा पक्का, असे काही मर्यादेपर्यंत चालते. इथे त्याच्या उलट आहे.

तुमच्या भावाच्या टाचेतला विणलेला धागा कोणता होता हे मला माहीत नाही. अशा नसांसाठी, म्हणजे कंडरांसाठी, हल्ली पुष्कळदा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा धागा वापरतात. तो असेल, तर वेल्डचा विचार तिथेच सोडावा. हा पदार्थ १३५ ते १५० अंशांच्या दरम्यान वितळतो खरा, पण त्याच्या साखळ्या इतक्या लांब असतात की वितळूनही तो वाहत नाही, रबरासारखा बसून राहतो. आणि तोपर्यंत त्याचे ताणलेले बळ गेलेले असते. विणीतल्या बारीक तंतूंमध्ये ऊर्जा इतस्ततः विखुरते ती निराळीच. पॉलिग्लॅक्टिनच्या विरघळणाऱ्या विणलेल्या धाग्यावर तर कॅल्शियम स्टिअरेट असलेला लेप असतो, धागा मांसातून सहज सरकावा म्हणून. स्टिअरेट तुम्ही साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरत असाल. ते लावलेल्या दोन पृष्ठभागांचा वेल्ड कसा होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे वेल्डसाठी सोयीचे उरतात ते एकपदरी धागे. पॉलिप्रोपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळते आणि पाणी शोषत नाही, म्हणून ते मला सर्वांत पसंत आहे. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळते आणि ओलावा धरते. विरघळणाऱ्यांपैकी पॉलिडायऑक्सनोन फक्त ११० अंशांच्या सुमारास वितळते. पॉलिलॅक्टाइडचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत अनेक जण करतात. त्याच्या रेणूचे घटक आरशातल्या प्रतिमेसारखे डावे किंवा उजवे असतात. ज्याचे सर्व घटक एकाच हाताचे असतात तो स्फटिकमय प्रकार १७५ अंशांच्या पुढे वितळतो आणि शरीरातून जायला कित्येक वर्षे घेतो. डावे-उजवे घटक मिसळलेला प्रकार स्फटिक बनवत नाही, तो ५० ते ६० अंशांना मऊ होऊ लागतो आणि साधारण एक-दोन वर्षांत निघून जातो. कवटीच्या पिना आणि पट्ट्या या दुसऱ्या प्रकारच्या असतात. म्हणूनच ती पट्टी कोमट-गरम पाण्यात बुडवून हाताने कवटीच्या आकारात वळवता येते.

विरघळणाऱ्या पॉलिमरला वितळवताना ओलाव्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. शरीरात पाणी त्यांच्या साखळ्या हळूहळू तोडते, त्यासाठीच ते बनवलेले असतात. वितळलेल्या अवस्थेत तेच काम काही सेकंदांत होते. दशलक्षात अडीचशे भागांहून जास्त पाणी असलेले पॉलिलॅक्टाइड यंत्रात घातले, तर बाहेर येणारा भाग दिसायला सुरेख असतो आणि साखळ्या आखूड झाल्यामुळे ठरलेल्या मुदतीआधीच मोडतो. आपल्याकडच्या श्रावणातल्या हवेत उघडे ठेवलेले दाणे लवकरच या मर्यादेपलीकडे जातात.

येवलेकर

आमच्या घरी पैठणीचे माग आहेत, म्हणून धाग्याविषयी एक गोष्ट लिहितो. नवा ताणा जुन्या ताण्याला जोडताना आमच्याकडे शेकडो टोके एकेक करून चिमटीत पीळ देऊन जोडतात, आणि हा जोड फणीतून न अडखळता गेला पाहिजे. जाड गाठ फणीत अडकते आणि शेजारची तारही तोडते. त्यामुळे गाठीच्या जाडीचा त्रास काय असतो हे वाचताना मला लगेच समजले. रेशीम मात्र वितळत नाही. ते प्रथिन आहे, आचेवर धरले की आक्रसते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. शस्त्रक्रियेत अजूनही रेशमाचा धागा वापरतात असे ऐकले आहे. त्याला गाठीवाचून मार्ग नाही, हे माझे म्हणणे बरोबर आहे का?

अस्थिवैद्य, गंगापूर रोड

अगदी बरोबर आहे. रेशीम आजही वापरात आहे, आणि गाठ फार छान बसते म्हणूनच अनेकांना ते आवडते. बांधताना ते हातात जसे आज्ञाधारक राहते तसे कोणतेही कृत्रिम सूत राहत नाही.

गुणवत्ता विभाग, सिन्नर

मी वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनात गुणवत्तेचे काम पाहते. अंबडच्या दादांनी शेवटी जो प्रश्न विचारला, तो इतरांच्या उत्तरांत मागे पडला, म्हणून त्यावरच लिहिते.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत उपकरणांचे धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. अ आणि ब वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे प्राधिकरण देते, तर क आणि ड वर्गांसाठी केंद्रीय प्राधिकरणाकडे जावे लागते. शरीरात दीर्घकाळ राहणारे इम्प्लांट वरच्या दोन वर्गांत येतात. त्यांच्यासाठी पदार्थाची जैविक सुसंगती आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासावी लागते, आणि ती तपासणी अंतिम, निर्जंतुक केलेल्या भागाला लागू होते. कच्च्या मालाचे प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, कारण वितळवताना आणि निर्जंतुक करताना पदार्थ बदलतो. पॉलिलॅक्टाइडचा भाग १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) आकारही धरून राहत नाही. गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात. म्हणून बहुधा इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात, आणि मग त्या वायूचा अंश किती उरला हे मोजावे लागते.

वेल्डिंगची अडचण याहून मूलभूत आहे. प्रत्येक सांधा तोडून पाहता येत नाही, आणि न तोडता तो पूर्णपणे तपासताही येत नाही. अशा प्रक्रियेला आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकात आधी प्रमाणित करून घेण्याची अट आहे. यंत्र योग्य बसले आहे, ठरवलेल्या मर्यादांच्या दोन्ही टोकांना सांधा चांगला येतो, आणि रोजच्या उत्पादनातही तो तसाच येत राहतो, हे तिन्ही लेखी पुराव्यानिशी दाखवावे लागते. ज्या कारखान्यात वेल्डचा कालावधी ऑपरेटर अनुभवाने बदलतो, तिथे ही सवय आधी मोडावी लागेल. मी अनेक कुशल माणसांना या एका गोष्टीवर अडलेले पाहिले आहे, आणि त्यांच्या कौशल्याविषयी माझ्या मनात आदर असूनही मी हे स्पष्ट लिहिते.

थेट इम्प्लांटकडे धाव घेण्यापेक्षा दादांनी निर्जंतुक पाकिटांचे काम पाहावे, असा माझा सल्ला आहे. इम्प्लांट ज्या तबकात येते, त्यावरचे पांढरे कागदासारखे झाकण पुष्कळदा पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंना उष्णतेने एकत्र बांधून केलेले असते. ते वायू आत जाऊ देते आणि जंतूंना अडवते. हे झाकण तबकाला उष्णतेने चिकटवताना तापमान कमी पडले तर सील सुटते, आणि १३५ अंशांच्या जवळ गेले तर तंतू वितळून झाकण काचेसारखे पारदर्शक होते, वायूचा मार्ग बंद होतो आणि उघडताना ते फाटते. तापमान, दाब आणि वेळ यांची ही अरुंद चौकट सांभाळणे आपल्या आजच्या कामाला अगदी जवळचे आहे. त्याचे मानक आयएसओ ११६०७ आहे. दुसरे जवळचे काम म्हणजे शिरेतून द्यायच्या औषधांच्या नळीमार्गातील गाळणीचे कवच. आपण पाण्याच्या गाळण्या जोडताच. इथे खोलीची स्वच्छता, वापरलेल्या प्लास्टिकची प्रत आणि गळतीची चाचणी बदलेल.

अंबडचा साचेकार

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. ताई, ऑपरेटरच्या अंदाजाविषयी आपण लिहिलेले माझ्या कारखान्याला तंतोतंत लागू पडते, आणि सोमवारपासून वेल्डच्या वेळेची नोंद यंत्रावरच कुलूपबंद करण्याचे ठरवले आहे. पाकिटांच्या सीलविषयी माहिती काढायला घेतो.

तरीही धागा जोडून पाहण्याची इच्छा काही जात नाही. रुग्णासाठी नाही, केवळ समजून घेण्यासाठी. एकपदरी पॉलिप्रोपिलीनचे दोन पदर समांतर ठेवण्यासाठी ऐरणीत बारीक खाच केली, आणि एक नमुना गाठीचा, एक वेल्डचा असे ओढून पाहिले, तर तुलना योग्य होईल का?

अस्थिवैद्य, गंगापूर रोड

होईल, पण सरळ ओढून तोडण्याने अर्धेच कळेल. धाग्यांचे प्रमाणित बळ अमेरिकी औषधकोशात बहुतांशी गाठ मारूनच मोजलेले असते, त्यामुळे छापील आकड्याशी तुलना करताना तेवढे ध्यानात ठेवा. दोन खुंट्यांभोवती फास घालून त्यावर वेल्ड करा. फास ३७ अंशांच्या खाऱ्या पाण्यात ठेवून त्यावर कमी-जास्त भार शेकडो वेळा द्या, आणि तो किती लांबला हे मोजा. आमच्याकडे फास ३ मिलिमीटर लांबला की तो निकामी धरतात, मग धागा तुटलेला असो वा नसो. काही नमुन्यांवर वेल्डपूर्वी थोडी चरबी लावा, आणि काही पाण्यातच धरून जोडा. कोरडे नमुने बहुधा छान येतील, तेवढ्यावर थांबू नका.

माझ्याकडे मुदत संपलेली पॉलिप्रोपिलीन धाग्यांची काही पाकिटे आहेत. रुग्णासाठी ती वापरता येत नाहीत, चाचणीला चालतील. त्यांवर तसे ठळक लिहून ठेवतो. येत्या शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर घेऊन जा, आणि शक्य असल्यास ऐरणीचा नमुनाही सोबत आणा. खाचेच्या कडा धाग्याला कापत नाहीत ना, हे भिंगाखाली एकत्र पाहू.